वाढीचा हिशेब : क्रोशाचा गोल आणि खाडीतला पाग

क्रोशाचे विणकाम दोन रीतींनी चालते : ओळीने आणि गोलात. ओळीच्या कामात काठ आला की विणकाम उलटवून मागे यायचे असते. गोलात काम मध्यातून सुरू होते, फेऱ्यावर फेरा चढत जातो आणि सुलट बाजू शेवटपर्यंत समोर राहते. ताटावरचा रुमाल, देव्हाऱ्यातले आसन, बाळाचे टोपडे, नमाजाची जाळीदार टोपी, ज्यू प्रार्थनेतला किप्पा ही सगळी गोलातली कामे. नवशिक्याचे टाके चार-दोन दिवसांत बसतात. अडते ते दर फेऱ्यात किती टाके वाढवायचे या हिशेबापाशी. रायगडच्या किनाऱ्यावर हाच हिशेब एका फार जुन्या वस्तूतही सापडतो. ती वस्तू म्हणजे खाडीत फेकून मासे धरण्याचे गोल जाळे, पाग.

क्रोशाची वाट

क्रोशा ही तशी तरुण कला आहे. तिचे छापील नमुने पहिल्यांदा दिसतात ते १८२३ साली, ‘पेनेलोपे’ या डच नियतकालिकात. १८४५पासूनच्या भीषण दुष्काळात आयर्लंडमधल्या अनेक कुटुंबांना क्रोशाच्या लेसने हातभार लावला. भारतात ती मुख्यतः मिशनऱ्यांबरोबर आली. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूर परिसरात त्यांनी शिकवलेल्या लेसकामाचा पुढे मोठा घरगुती उद्योग झाला. तिथल्या विणकर बायकांच्या तुटपुंज्या मजुरीवर मारिया मीस यांनी १९८२ साली ग्रंथ लिहिला. गोव्याच्या हस्तकलांतही क्रोशाची गणना होते. महाराष्ट्रात ती शिवणकामाच्या वर्गांतून आणि घरातल्या थोरल्या बायकांच्या हातून पसरली.

सुई, धागा आणि तीन टाके

शिकताना बारीक सुती धागा आणि पोलादी सुई घेऊ नये. मध्यम जाडीची लोकर आणि साडेतीन ते चार मिलिमीटरची सुई घेतली की टाका डोळ्यांना दिसतो आणि मोजता येतो. रंग फिका असावा. काळ्या लोकरीत टाक्यांची घरे सापडत नाहीत.

टाके तीन पुरतात. सुईवर धागा घेऊन तो फासातून ओढला की साखळी होते. मुक्या खांबासाठी सुई खालच्या घरात घालून धागा ओढून घ्यायचा. सुईवर दोन फास होतात, त्या दोन्हींतून धागा एकदम काढायचा. खांबासाठी सुईवर आधीच एक वेढा घ्यायचा. धागा ओढल्यावर तीन फास होतात, ते दोन-दोन करून दोनदा सोडवायचे. मुका खांब जवळजवळ चौरस बसतो, खांब त्याच्या साधारण दुप्पट उंच होतो. पुढचा सगळा हिशेब या उंचीवर उभा आहे.

मध्य आणि पहिला फेरा

मध्य दोन प्रकारे धरतात. चार साखळ्या घालून पहिल्या साखळीत सुई घालायची आणि कडे करायचे. यात मधोमध भोक राहते. दुसऱ्या प्रकारात बोटाभोवती धाग्याचा सैल वेढा घेऊन त्यातच टाके विणायचे आणि नंतर मोकळे टोक ओढायचे, भोक मिटते. टोपीला दुसरा प्रकार बरा, जाळीदार रुमालाला पहिला चालतो.

फेरा मिटवायच्याही दोन तऱ्हा आहेत. दर फेरा पहिल्या टाक्यात सुई घालून जोडायचा आणि नव्या फेऱ्यासाठी साखळ्यांनी वर चढायचे : मुक्या खांबाला एक, खांबाला तीन. खांबाच्या या तीन साखळ्या सहसा एक टाका म्हणून मोजतात. नवशिक्याची बहुतेक चूक इथेच होते. जोडाचा टाका मोजला गेला की दर फेऱ्याला एक टाका वाढतो, पहिले घर सुटले की एक कमी होतो. दुसरी तऱ्हा म्हणजे न जोडता चक्राकार विणत राहणे. तीत शिवण दिसत नाही, पण फेरा कुठे संपला तेही दिसत नाही. म्हणून पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा धागा किंवा सेफ्टी पिन अडकवतात आणि दर फेऱ्याला ती वर सरकवतात.

सहाचा नियम

मुक्या खांबाची सपाट चकती अशी वाढते : पहिल्या फेऱ्यात ६ टाके. दुसऱ्यात प्रत्येक घरात दोन, म्हणजे १२. तिसऱ्यात एका घरात एक, पुढच्यात दोन, असे सहा वेळा, १८. चौथ्यात दोन घरांत एक-एक, तिसऱ्यात दोन, २४. आठव्या फेऱ्यात ४८ टाके भरले पाहिजेत. दर फेऱ्याला सहाची भर.

हा सहाचा आकडा शाळेच्या भूमितीतला आहे. वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या ६.२८ पट असतो. एक फेरा चढला की त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते आणि परीघ त्या उंचीच्या ६.२८ पटीने. टाका जितका उंच तितकाच रुंद असेल, तर नव्या परिघावर सहाएक टाक्यांची जागा तयार होते. खांब दुप्पट उंच, म्हणून त्याला दर फेऱ्याला १२ लागतात : १२, २४, ३६.

भर कमी पडली की चकतीचा काठ वर उचलतो आणि वाटी होते. जास्त झाली की काठाला झालर पडते. प्रत्येक वाढ मागच्या वाढीच्या बरोबर डोक्यावर घेतली की चकतीला सहा कोपरे येतात. एकाआड एक फेऱ्यात वाढीची जागा सरकवली की गोलाई परत येते. झालर रुमालात दोष असला, तरी गणितात ती कामाची ठरली. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठात डायना तैमिना यांनी ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवत नेऊन अतिपरवलयी (हायपरबोलिक) पृष्ठभाग हातात धरता येईल असा विणून दाखवला. त्याच तंत्राने मार्गारेट आणि क्रिस्टिन वर्थहाइम या बहिणींनी २००५पासून प्रवाळाचे विणीव खडक उभे केले.

भर मुद्दाम बदलली की आकार बदलतो. वाढ थांबवली की नळी होते. टोपडे असेच बनते. डोक्याचा घेर ३.१४ने भागला की चकतीचा व्यास मिळतो. नवजात बाळाचे डोके ३५ सेंटिमीटर धरले तर ११ सेंटिमीटरची चकती करावी आणि पुढे न वाढवता कानापर्यंत उतरावे. सहाऐवजी तीनच टाके वाढवत गेले की शंकू तयार होतो.

पागातला हिशेब

धरमतर, कुंडलिका, राजपुरी, सावित्री या रायगडच्या खाड्यांमध्ये पाग उथळ पाण्यात उभे राहून किंवा होडीतून फेकतात. त्यात बोय, कोळंबी सापडते. हाताने विणलेल्या पागाची सुरुवात शेंड्याकडून होते. थोडे आस, म्हणजे जाळ्याची घरे, घेऊन त्यांचे कडे जोडतात, मग फेऱ्याफेऱ्याने खाली उतरताना ठरावीक अंतरावर जादा आस घेतात. म्हणून फेकल्यावर पाग थाळीसारखा पसरतो आणि काठाच्या शिशाच्या वजनाने बुडताना घंटेचा आकार घेतो. वाढ कमी पडली तर घेर उघडत नाही आणि मासे बाजूने निसटतात.

फरक गाठीत आहे. आसाच्या प्रत्येक कोपऱ्यात पक्की गाठ असते. एक आस तुटला तरी शेजारचे टिकतात, पण चुकलेला आस कापूनच काढावा लागतो. क्रोशात गाठच नसते. धागा ओढला की अख्खा फेरा उसवतो, त्यामुळे चूक सुधारणे सोपे आणि टोक मोकळे सोडणे धोक्याचे. शिवाय आस ताणून रुंद किंवा अरुंद होतो आणि लहानसहान चूक पोटात घालतो. घट्ट मुका खांब तेवढी सूट देत नाही. पाग आता यंत्रावर विणलेल्या नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे जोडूनही करतात. क्रोशाचे टाके हुबेहूब विणणारे यंत्र मात्र कारखान्यात आलेले नाही. बाजारात क्रोशा म्हणून मिळणारी यंत्राची लेस वेगळ्या विणीची असते.

शेवटचा फेरा

चक्राकार कामाच्या शेवटी पायरी राहते. ती बुजवायला शेवटचे दोन-तीन टाके उंचीने कमी करत आणून पुढच्या घरात जोडतात. धागा बोटभर ठेवून कापतात, फासातून ओढून घेतात आणि टोक बोथट सुईने उलट बाजूच्या टाक्यांतून एकदा पुढे, एकदा मागे फिरवतात. सुती चकती ओली करून सपाट पृष्ठावर टाचण्यांनी ताणून वाळवली की टाके सारखे बसतात. किनाऱ्यावरच्या पावसाळ्यात अर्धवट काम बंद पिशवीत ठेवले तर सुताला बुरशी धरते, आणि पोलादी सुई त्यातच राहिली तर गंजाचा डाग पडतो. काम पूर्ण कोरडे करून ठेवावे आणि सुई वेगळी.