रिद्धपूरची अक्षरयात्रा

मॉस्कोनजीक, १४ व्या शतकांतील एका मठाभोंवतीं वाढलेलें सेर्गियेव पोसाद हें नगर लांकडी खेळण्यांच्या कारागिरीबद्दल प्रसिद्ध आहे. आपल्या वऱ्हाडांतहि, अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यांत, असेंच मठांचें एक गांव आहे. मात्र तेथील कारागिरी अक्षरांची. तें गांव म्हणजे रिद्धपूर.

गोविंदप्रभूंच्या या महानुभावीय क्षेत्रीं प्रथम राजमठाचें दर्शन घ्यावें व मग वाजेश्वरीकडे वळावें. १३ व्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनीं ‘लीळाचरित्र’ येथेंच सिद्ध केलें. ज्यांनीं चक्रधरस्वामींस प्रत्यक्ष पाहिलें, त्यांच्याकडे पायीं जाऊन त्यांनीं एकेक आठवण मिळविली. नागदेवाचार्यांनीं तर आपल्या विद्वान् शिष्यास संस्कृतांत ग्रंथ रचण्यापासून परावृत्त केलें. कारण त्यायोगें म्हाताऱ्या बायका ज्ञानास मुकल्या असत्या. संस्कृत शिकविण्यांत हयात गेलेल्या माझ्यासारख्यासहि येथें मस्तक लववावेंसें वाटतें.

पुढें पंथाच्या पोथ्या सकळ लिपींत, म्हणजे अक्षरांची अदलाबदल करून, लिहिल्या जाऊं लागल्या. पिढ्यान् पिढ्या हातानें नकला होत राहिल्यामुळें ग्रंथ वांचले. पण मराठी वाचक त्यांस पारखा झाला. २० व्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं या लिपीचा उलगडा करून दाखविला, तेव्हां कोठें हें धन सर्वांचें झालें.

२०२४ पासून रिद्धपुरांत मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालें आहे. परंतु वाचणारा नसेल, तर जपलेली पोथीहि मुकीच राहते. म्हणून मुलांस एकदां रिद्धपूर दाखवावें. आणि परतल्यावर घरच्या फडताळांतील पणजोबांचा मोडी कागद त्यांच्यापुढें ठेवून, तो वाचावयास शिकण्याचा आरंभ करावा.