वेगातील स्थैर्य

चेन्नईजवळील इरुंगाट्टुकोट्टईच्या शर्यतीत ताशी १८० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार सेकंदाला ५० मीटर अंतर कापते, म्हणजेच शटर अवघा १/१००० सेकंद उघडा राहिला तरी तेवढ्यात ती ५ सेंटिमीटर सरकते. शटर १/२००० वर नेल्यास ती स्पष्ट उमटते हे कबूल, परंतु चाकांचे आरेही थिजतात आणि वेगाचा प्रत्ययच लोपतो. म्हणून शटर १/१२५ वर आणि फोकस सतत पाठलाग करणाऱ्या पद्धतीवर ठेवून, पाय रोवून, कमरेतून वळत कॅमेरा मोटारीबरोबर फिरवावा आणि कळ दाबल्यावरही तो थांबवू नये. मग चालकाच्या शिरस्त्राणावरील अक्षरे सुवाच्य राहतात आणि मागचे प्रेक्षक रंगरेषा होऊन वाहू लागतात. अनेक चित्रांतले एखादेच साधते, पण त्या एकात वेग आणि स्थैर्य एकत्र नांदतात.