'तिकडं पाणी पडलं का?'

पाऊस म्हटला की आपला अजेंडा ठरलेला! ऑफिसला उशिरा पोहोचायचं हक्काचं कारण, गरमागरम कांदाभजी आणि शनिवारी ताम्हिणी नाहीतर लोणावळा. माझी रूममेट मात्र यात कधीच नसते. ती मूळची हिंगोली जिल्ह्यातली, वसमतजवळच्या एका गावची. नोकरी पुण्यात, आयटीत. जूनची पहिली सर आली की आम्ही फोटो काढतो आणि ही घरी फोन लावते, 'बाबा, तिकडं पाणी पडलं का?'

बस्स, एवढंच. पण घरचं अख्खं वर्ष या उत्तरावर अवलंबून असतं.

तिनं मला समजावलेलं गणित असं : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं कृषी खातं सांगतं. घाई केली आणि पावसानं दडी मारली, की दुबार पेरणी. म्हणजे बियाणं, खत, मजुरी... सगळा खर्च पुन्हा! जुलैत झड लागली, की काळजी हळदीची. पाणी साचलं तर कंद कुजतो. २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालेली वसमतची हळद ती हीच.

जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात पुराचं पाणी थेट घरांत शिरलं. त्या वीकएण्डला आम्ही धबधब्याचा प्लॅन करत होतो आणि ही दर दहा मिनिटांनी घरी फोन लावत होती. आम्हाला पत्ताच नव्हता!

सगळ्यात अवघड महिना सप्टेंबर. शेंगा भरलेल्या, काढणी तोंडावर आलेली. अशात पाऊस थांबलाच नाही तर शेंगेतच कोंब फुटतात. दिवाळी, धाकट्या भावाची फी, रब्बीचं बियाणं, सगळं त्याच पैशावर असतं. २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा ही रात्रभर जागीच होती. सकाळी नऊला मात्र लॉग-इन केलेलं!

'ढग आले की तुला आनंद होतो की भीती वाटते गं?' मी एकदा विचारलं.

'महिना कुठला आहे, त्यावर आहे,' ती म्हणाली.

तुमच्याही शेजारच्या डेस्कवर असं कुणीतरी असेलच. पुढच्या पावसात भजी मागवाल, तेव्हा त्यांना एक प्रश्न जरूर विचारा, 'गावाकडं काय म्हणतोय पाऊस?'