आकड्याला नाव ठेवा

मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत फक्त एका अनुस्वाराचा फरक आहे. गेमचा कोड लिहिताना पहिलं केलं नाही, तर पुढे दुसरं ऐकून घ्यावं लागतं.

गोडो हे गेम बनवायचं मोफत इंजिन. त्यातल्या एखाद्या स्क्रिप्टमध्ये नुसतं 'उणे ४००' दिसलं, तर काय समजाल? गुण? पैसे? अशा बिननावाच्या आकड्याला प्रोग्रामर 'मॅजिक नंबर' म्हणतात. जादू होते, पण कशी ते कळत नाही. गोडो ४ मध्ये पात्राच्या हालचालीचा जो तयार नमुना मिळतो, त्यात हाच आकडा सगळ्यात वर 'कॉन्स्ट' लिहून 'जम्प व्हेलॉसिटी' या नावाने ठेवलेला असतो. म्हणजे उडीचा सुरुवातीचा वेग, सेकंदाला ४०० पिक्सेल. उणे अशासाठी, की तिथे द्विमितीय गेममध्ये वाय-अक्ष खालच्या दिशेने वाढतो.

नावाची खरी किंमत आकडा बदलताना कळते. समजा, कोडमध्ये ६० चार ठिकाणी आहे. दोन ठिकाणी तो सेकंदातल्या फ्रेम सांगतो, दोन ठिकाणी फेरीचे सेकंद. आता फेरी ९० सेकंदांची करायची आहे. सरसकट ६० चे ९० केले, की फ्रेमचा हिशेबही बिघडलाच! 'फेरीचे_सेकंद' असा स्थिरांक असता, तर एकच ओळ बदलून काम झालं असतं.

काही आकडे एकमेकांचे नातेवाईक असतात. गोडोत द्विमितीय गुरुत्व मुळात ९८० असतं. उडीची उंची म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाची दुप्पट: १,६०,००० भागिले १,९६०, सुमारे ८२ पिक्सेल. त्या हिशेबाने कुणी ८० पिक्सेल उंचीवर फळी ठेवली आणि दुसऱ्याने गुरुत्व १,२०० केलं, तर उडी ६७ वरच थांबते. खेळाडू खालीच अडकतो! म्हणून 'उडीची_उंची' आकड्यात लिहू नका, सूत्राने काढा. फळीही तिच्यावरूनच ठेवा.

अर्थात अति तिथे माती. 'दहा = १०' हे नाव नव्हे, नुसता उच्चार झाला. अर्धं करायला २ ने भागत असाल, तर तो २ राहू द्या. खेळताना घटणारी शक्ती हा स्थिरांक नाही. कमाल शक्ती मात्र आहे.

आकडा 'किती' ते सांगतो. 'कशाचे' ते नावानेच कळतं.