उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी का? टायरच्या दाबाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मार्च सरत आला की पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्याकडून, पंक्चरवाल्याकडून आणि घरातल्या जाणत्या मंडळींकडून एकच सल्ला मिळू लागतो: उन्हाळा आहे, दोन-तीन पॉइंट हवा कमीच ठेवा. त्यामागचा हिशेब ऐकायला बिनतोड वाटतो. उन्हाने हवा प्रसरण पावते, दाब वाढतो, वाढत्या दाबाने टायर फुटतो. तेव्हा आधीच थोडी जागा ठेवलेली बरी. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तेव्हापासून त्या रस्त्यावर टायर फुटल्याची बातमी आली की या सल्ल्याला आणखी जोर चढतो. हिशेबाचा पूर्वार्ध बरोबर आहे: तापमान वाढले की दाब वाढतोच. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो पाळणाऱ्याची गाडी सुरक्षित होण्याऐवजी अधिक धोक्यात येते.

कारण टायर तापवणारी मुख्य गोष्ट ऊन नव्हे, टायरचे स्वतःचे वाकणे आहे. गाडीचे वजन रबरापेक्षा आतली कोंडलेली हवाच अधिक पेलते. हवा कमी पडली की टायरची बाजू जास्त दबते, आणि प्रत्येक फेऱ्यात रबराचा तोच भाग दबतो, सुटतो, पुन्हा दबतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने चाललेल्या साध्या मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे चौदा-पंधरा वेळा फिरते, म्हणजे तेवढ्याच वेळा ही वाकवावाकवी होते. तार हातात धरून भराभर पुढे-मागे वाकवली की वाकल्या जागी ती गरम लागते, तेच इथे घडते. फरक एवढाच की रबरातून उष्णता लवकर बाहेर जात नाही, ती आतल्या थरांत साठत राहते. पोलादी पट्ट्यांना रबराशी बांधून ठेवणारी पकड या उष्णतेने सैल होते आणि शेवटी टायरचा वरचा थर सुटून येतो किंवा बाजू फाटते. आपण ज्याला ‘टायर फुटला’ म्हणतो तो अनेकदा तासन्‌तास चाललेल्या या अंतर्गत तापण्याचा शेवट असतो. झिजलेले किंवा जुने, तडे गेलेले टायर असतील तर तो आणखी लवकर येतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो: समृद्धीचा रस्ता सिमेंटचा आहे, सिमेंट तापते, म्हणून टायर फुटतात. पण भर उन्हात काळा डांबरी रस्ता फिकट सिमेंटपेक्षा जास्त तापतो, कारण काळा पृष्ठभाग ऊन अधिक शोषतो. समृद्धीवर वेगळी काय असेल तर ती वाहन चालवण्याची पद्धत. ना सिग्नल, ना गाव, ना गतिरोधक. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० पर्यंत मुभा आहे, आणि माणसे तो वेग न थांबता तास-दोन तास धरून ठेवतात. जुन्या रस्त्यावर चहाच्या टपरीशी, फाटकाशी, बाजारात टायरला आपोआप विसावा मिळायचा. इथे तो मिळत नाही. ३३ ऐवजी २७-२८ पीएसआयवर (दाबाचे एकक, बोलीभाषेत ‘पॉइंट’) आलेली हवा गावातल्या गावात महिनोन्‌महिने खपून जाते, पण या वेगात तीच टायरचा जीव घेते.

कमी हवा, जास्त वेग आणि कडक ऊन एकत्र आले की काय होते, याचा सर्वांत मोठा पुरावा अमेरिकेत आहे. फोर्ड कंपनीच्या ‘एक्स्प्लोरर’ गाडीवरील फायरस्टोन टायरांचे वरचे थर नव्वदच्या दशकात सुटून येऊ लागले आणि गाड्या उलटू लागल्या. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवण्याची घोषणा झाली. पुढे अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने या टायरांशी २७१ मृत्यूंचा संबंध जोडला. अपघातांचे प्रमाण टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांत जास्त होते. फोर्डने या गाडीसाठी २६ पीएसआय दाब सुचवला होता. टायर कंपनीचे म्हणणे ३० हवा असे होते. टायरच्या रचनेत आणि एका कारखान्यातील उत्पादनातही दोष होते, त्यामुळे सारा दोष कमी हवेवर टाकणे बरोबर होणार नाही. पण कमी दाबाने टायर जास्त तापतो हा मुद्दा त्या वादाच्या केंद्रस्थानी होता. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने केलेल्या कायद्यातून हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा तिथल्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली. कायद्याने सक्तीचा केलेला हा इशारा कमी हवेचा आहे, हे ध्यानात घ्यावे.

आता पंपावर रोज घडणारी गोष्ट आकड्यांनी पाहू. सकाळी २७ अंश तापमानात टायरमध्ये बरोबर ३३ पीएसआय हवा आहे. गेज दाखवतो तो बाहेरच्या वातावरणापेक्षा वरचा दाब. त्यात वातावरणाचे १४.७ मिळवले की आतला खरा दाब ४७.७ होतो. मे महिन्याच्या दुपारी दोन तास महामार्गावर चालून टायरमधली हवा ६७ अंशांपर्यंत गेली, असे धरू. केल्विनच्या मापात हे ३०० वरून ३४० झाले, आणि दाबही त्याच प्रमाणात वाढून ५४ झाला. वातावरणाचे वजा केले की गेजवर साधारण ३९ दिसतात. हवा भरणारा ते पाहून म्हणतो, “साहेब, हवा खूप झालीय, काढू का?” आपण मान डोलावतो, तो ३३ वर आणून सोडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा २७ अंशांना तोच टायर मोजला तर गेजवर २७ च्या आसपास आकडा येईल. सहा पीएसआय हवा कुठेही गळालेली नाही, ती आपणच काढून टाकली. आणि आता त्याच कमी हवेवर परतीचा प्रवास सुरू होतो. काढण्याआधीचा ३९ हा आकडा धोक्याचा मुळीच नव्हता. टायरच्या कडेवर कमाल दाब म्हणून ४४ किंवा ५१ पीएसआय असे छापलेले असते, तोही गार टायरचा आकडा असतो. चालताना होणारी वाढ टायर बनवणाऱ्याने आधीच गृहीत धरलेली असते.

याच छापील आकड्यावरून उलटा गैरसमजही होतो. टायरवर ४४ लिहिले आहे म्हणजे ४४ भरायची, असे काही जण मानतात. ती टायरची मर्यादा आहे, आपल्या गाडीची गरज नव्हे. गाडीची गरज गाडी बनवणारा ठरवतो. ती चालकाच्या दाराच्या चौकटीवर, कधी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आत आणि पुस्तिकेत लिहिलेली असते. त्या तक्त्यात बहुधा दोन ओळी असतात: एक दोन-तीन माणसांसाठी, दुसरी पूर्ण भारासाठी. पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन कोकणात निघायचे तर दुसरी ओळ वाचायची, तिथे मागच्या चाकांचा आकडा बरेचदा मोठा असतो. आकडा बारमध्ये असेल तर १४.५ ने गुणावे, २.३ बार म्हणजे ३३ पीएसआय. ‘हे आकडे थंड देशांसाठी असतात, आपल्या हवेला चालत नाहीत’ हा आक्षेपही ऐकू येतो. पण तक्त्यातला आकडा गार टायरचा, म्हणजे तुमच्या गावातल्या त्या दिवसाच्या हवेइतक्याच तापमानाच्या टायरचा असतो. गाव निफाड असो की चंद्रपूर, तो तिथल्या सकाळीच मोजायचा असल्यामुळे स्थानिक हवामान त्यात आपोआप धरले जाते. म्हणूनच तो ऋतूगणिक तपासावा लागतो: मे महिन्यात ३० अंशांना भरलेले ३३ पीएसआय डिसेंबरच्या १० अंशांच्या पहाटे काहीही न गळता ३० वर आलेले असतात.

गार टायर म्हणजे किमान तीन तास उभी असलेली गाडी, किंवा फार तर दीड किलोमीटर हळू चाललेली. तीही सावलीत, एका बाजूवर ऊन पडत असेल तर त्या बाजूची चाके जास्त आकडा दाखवतात. म्हणजे अचूक मोजणीची जागा घराचे पार्किंग आहे, पंप नव्हे, आणि त्यासाठी स्वतःचा गेज हवा. काहीशे रुपयांत बरा डिजिटल गेज मिळतो. पंपावरचा गेज दिवसभर आपटला जातो, धुळीत पडतो. त्याचा आकडा दोन-तीन पीएसआयने चुकत असला तरी आपल्याला कळायला मार्ग नसतो. मोजताना व्हॉल्व्हचे टोपण काढून गेज सरळ, एका झटक्यात दाबून बसवावा. फुस्स आवाज येत राहिला तर गेज तिरका बसला आहे, तो आकडा धरू नये. लागोपाठ दोन-तीनदा मोजून तोच आकडा आला की तो खरा मानावा; एवढ्याने जाणारी हवा नगण्य असते. टोपण परत लावायला विसरू नये, कारण व्हॉल्व्हमध्ये धूळ गेली की हवा हळूहळू गळू लागते.

मग हवा भरायची कशी, पंपापर्यंत जाताना टायर तापणारच ना? यावर सोपा उपाय आहे. घरी गार टायरमध्ये २९ आले आणि हवे ३३, तर चार कमी आहेत, हे कागदावर लिहून ठेवावे. पंपावर पोहोचल्यावर समजा तोच टायर ३२ दाखवतो, तर मशीनवर ३३ न लावता ३६ लावायला सांगावे. हवा भरणारा चकित होईल, वादही घालेल. आपण ठाम राहावे. दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजून एखादा पॉइंट इकडे-तिकडे असेल तर नीट करावा. पंपावर साध्या हवेला पैसे पडत नाहीत, ती मोफत देणे पंपचालकावर बंधनकारक आहे. नुसते पाहून, अंगठ्याने दाबून किंवा लाथ मारून हवा ओळखण्याचा जमाना मात्र रेडियल टायरांनी संपवला. त्यांची बाजू नेहमीच थोडी फुगलेली दिसते, आणि सात-आठ पीएसआय कमी असलेला टायर सराईत डोळ्यालाही शेजारच्या चाकासारखाच वाटतो.

नायट्रोजन भरला की ही सगळी कटकट संपते, हाही समज बराच पसरला आहे. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि तापल्यावर तो इतर वायूंइतकाच प्रसरण पावतो. कोरडा असणे आणि रबरातून किंचित हळू झिरपणे हे त्याचे खरे फायदे. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने २००६-०७ मध्ये ३१ प्रकारच्या टायरांच्या जोड्या वर्षभर न चालवता ठेवल्या. साध्या हवेचे टायर सरासरी ३.५ पीएसआयने उतरले, नायट्रोजनचे २.२ ने. वर्षाकाठी जेमतेम सव्वा पीएसआयचा हा फरक आहे. पैसे देऊन नायट्रोजन भरायला हरकत नाही, पण त्या भरवशावर मोजणे सोडले तर तोटाच होईल.

पावसाळ्यात पकड वाढावी म्हणून हवा कमी करणे हे तर थेट उलट पाऊल आहे. साचलेल्या पाण्यावर टायर रस्ता सोडून तरंगू लागतो तो वेग दाबावर अवलंबून असतो. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी साठच्या दशकात विमानांच्या टायरांवरून मांडलेल्या सूत्रानुसार तो दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो: ३३ पीएसआयला ताशी सुमारे ९६ किलोमीटर, २५ पीएसआयला ८३. मोटारीच्या टायरचा नेमका आकडा खाचांची खोली आणि पाण्याच्या थरानुसार वेगळा येईल, पण दिशा हीच राहते. वाळूत रुतलेली गाडी काढताना हवा कमी करतात हे खरे आहे. ते अगदी संथ वेगासाठी असते, आणि डांबरावर येताच हवा पुन्हा भरायची असते.

नव्या गाड्यांत दाबाचा इशारा देणारा दिवा असतो, त्यामुळे मोजायची गरज उरली नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण अमेरिकी नियमात तो दिवा २५ टक्के हवा उतरल्यावर लागावा अशी अट आहे. ३३ चे गणित केले तर २५ च्याही खाली गेल्यावर. वर पाहिलेला, पंपावर हवा काढून २७ वर आलेला टायर या अटीत दिवा न लावता बसतो. दिवा लागला तर थांबायचे हे ठीक, पण न लागला म्हणजे हवा बरोबर आहे असे समजू नये. स्टेपनीही तपासावी, ती बारकी, तात्पुरती असेल तर तिला साधारण ६० पीएसआय लागतात आणि गरजेच्या वेळी ती बहुधा अर्धी बसलेली सापडते.

महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाच्या पहाटे, गाडी सुरू करण्यापूर्वी पाचही चाके मोजा. कमी असेल तेवढी भरा. आणि वाटेत, भर दुपारी, तापलेल्या टायरमधली हवा कुणी काढू लागला तर त्याला तिथेच थांबवा.