प्रलयानंतरचे हसू

विनाशाची गोष्ट गंभीर चेहऱ्यानेच सांगावी, असा एक संकेत आहे. 2012 साली जपानमधील एका चित्रमालिकेने आणि जालना जिल्ह्यातील कलावंतांच्या एका नाटकाने, परस्परांची गंधवार्ताही नसताना, हा संकेत मोडला.

'जिनरुई वा सुइताई शिमाशिता', म्हणजे 'मानवजातीचा ऱ्हास झाला आहे', ही बारा भागांची मालिका जुलै ते सप्टेंबर 2012 या काळात प्रसारित झाली. मूळ कादंबऱ्या रोमियो तानाका यांच्या, दिग्दर्शन सेइजी किशी यांचे. माणसे मूठभर उरली आहेत आणि पृथ्वीचा ताबा वीतभर उंचीच्या, मिठाईवेड्या पऱ्यांकडे गेला आहे. तरीही सरकारी कारभार मात्र संपलेला नाही! बिननावाची नायिका संयुक्त राष्ट्रांच्या वतीने माणसे आणि पऱ्या यांच्यात मध्यस्थी करते. पहिला विनोद इथेच आहे.

प्रलयकथा म्हटली की राखाडी आकाश आणि पडके मनोरे आठवतात. इथे कोवळी हिरवळ, फुले आणि बालपुस्तकात शोभतील असे फिके गोड रंग दिसतात. पऱ्यांच्या चेहऱ्यावरचे हसू कधीच मावळत नाही. याच गोजिरवाण्या चित्रात सोललेल्या, बिनमुंडक्याच्या कोंबड्या कारखाना चालवतात आणि पावाचा यंत्रमानव स्वतःलाच फाडून खाऊ घालतो. रंग गोड, घटना भीषण आणि नायिकेचा स्वर मात्र निर्विकार. हसू फुटते ते या विसंगतीतून, आणि त्यामागोमाग बाजारू उत्पादनांवर विसंबलेल्या समाजाची खिल्लीही लक्षात येते.

मराठी रसिकाला ही रीत परकी नाही. राजकुमार तांगडे लिखित, नंदू माधव दिग्दर्शित 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' या नाटकात शिवाजी महाराजांना न्यायला यम येतो. पण महाराजांचे विचार पृथ्वीवरच राहतात. मग जिरेटोप नेमका कोणाच्या डोक्यावर बसतो, हे शोधत यमाला वणवण करावी लागते. मृत्यूची देवताच हास्यास्पद ठरली, की प्रेक्षक अवघड प्रश्नही निर्भयपणे ऐकतो.

त्याच 2012-13 मध्ये जालना जिल्हा भीषण दुष्काळात होरपळला. वर्षानुवर्षे जोपासलेल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. ऱ्हास ही तिथे कल्पित गोष्ट नव्हती. अशा मातीतले विनोदी नाटक पाहिले, म्हणजे जपानी मालिकेतील हसण्याचाही अर्थ उमगतो. ते संकट विसरण्यासाठी नाही, संकटाकडे डोळे उघडे ठेवून पाहता यावे यासाठी आहे.