वाचलेलं पदरी किती पडतं?



पोरगं पुस्तक घेऊन बसलं की घरात समाधान वाटतं. पण पानं उलटली म्हणजे पदरी पडलंच, असं नाही. शाळेच्या पुस्तकांखेरीज दोन तऱ्हेची पुस्तकं आपल्या मुलामुलींच्या हाती यावीत, असं आम्हांस वाटतं. एक, थोरांच्या आठवणी. दुसरी, कामाची माहिती देणारी पुस्तिका. दोन्ही वाचण्याची रीत मात्र निराळी आहे.

आधी आठवणींचं पाहू. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झालं. १८७५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, परीक्षेला बसण्यासाठी ते कोकणातल्या मुरूडहून साताऱ्याला पायी गेले. पावसापाण्यात सह्याद्री चढून शंभराहून अधिक मैल! तिथे ‘वय लहान दिसतं’ म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे ते मॅट्रिक झाले १८८१ साली. १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित शिकवलं.

यातून विद्यार्थ्याने काय घ्यावं? ‘थोर माणसं कष्ट करतात’ हे वाक्य निबंधात लिहून विसरलं जातं. त्यापेक्षा सालं मोजावीत. साताऱ्याहून परत फिरणं आणि मॅट्रिक होणं, यांत सहा वर्षं गेली. वाचताना ती चार पानांत सरतात, जगताना सरत नाहीत. दहावीच्या निकालाने खचलेल्या मुलाला हा हिशेब उपदेशापेक्षा जास्त धीर देईल. मात्र आठवणी म्हणजे नक्कल करण्याचा नमुना नव्हे. साताऱ्याला आता एस. टी. जाते!

माहितीपुस्तिकेचं उलट आहे. तिथे सांगितलं तसंच करायचं असतं, पण आधी माप तपासून. सुरू उसाला २५० किलो नत्राची शिफारस आहे, ती हेक्टरी. आपण बोलतो एकरात. एकरी ते सुमारे १०० किलो भरतं. बरं, १०० किलो नत्र म्हणजे १०० किलो युरिया नव्हे. युरियात नत्र ४६ टक्के; म्हणजे युरिया लागेल सुमारे २१७ किलो, ४५ किलोच्या पाच पोत्यांना थोडा कमी. तोही एकदम नाही. लागणीला १० टक्के, फुटव्याला ४०, कांडी सुटताना १० आणि मोठ्या बांधणीला ४०. असं का? कोवळ्या उगवणीला नत्र थोडंच लागतं, फुटव्याला भरपूर लागतं; आणि बांधणीनंतर उशिरा दिलं तर ऊस पक्व व्हायला वेळ लागून साखर उतारा घटतो.

हेक्टर-एकराची गल्लत झाली तर खत अडीचपट पडेल आणि उधारीही तेवढीच वाढेल. आठवी-नववीतलं पोर हा हिशेब सहज करू शकतं. बापाच्या खताची चिठ्ठी एकदा त्याच्या किंवा तिच्या हाती देऊन बघा.

म्हणून मुलांना आमचं सांगणं, की वाचताना जवळ वही असू द्या. पानाच्या एका बाजूला ‘पुस्तकात काय’ आणि दुसऱ्या बाजूला ‘आमच्या रानात काय’ असं लिहा. जमलं नाही, कळलं नाही, तर गटाच्या शेतकी अधिकाऱ्यांना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

आणि सभासदांनो, आज रात्री जेवताना पोरांना ‘किती पानं वाचलीस?’ असं विचारू नका. ‘त्यातलं आपण काय करून बघायचं?’ असं विचारा.